अंगठ्याच्या बुडातलं दुखणं आणि ओझोनचं इंजेक्शन: आधी काय करायचं, घेताना काय बघायचं

विडी वळताना अंगठा काय करतो ते जवळ बसून बघावं. भिजवलेलं तेंदूचं पान मापाच्या पत्र्यावर धरून कात्रीनं कापायचं, त्यात तंबाखू पसरायची, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पान फिरवत गोल करायचं, दोऱ्यानं बांधायचं, टोक आत दुमडायचं. एका विडीला अंगठा पाच-सहा वेळा तरी दाबला जातो. दिवसाला हजार विड्या म्हणजे पाच-सहा हजार चिमट्या, आणि हे वीस-पंचवीस वर्षं.

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. अशोक चौक, दत्त नगर, कुंभारीचं विडी घरकुल या भागातल्या कामगार बायका माझ्याकडे येतात. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या येतात, जुळे सोलापुरातल्या शिक्षिकाही येतात. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसते. आणि हल्ली त्यातल्या बऱ्याच जणी एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, ओझोन घेऊ का?" म्हणजे दुखऱ्या सांध्यात ओझोन वायूचं इंजेक्शन.

माझं मत आधीच सांगते. ओझोनचा विचार करायला हरकत नाही, पण तो पाचव्या पायरीवर. आधीच्या चार पायऱ्या सोडून थेट तिथं गेलेल्या बायकांचे पैसे आणि महिने दोन्ही गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

पायरी १: दुखतंय नेमकं कुठं, ते बोट ठेवून शोधा

एक अक्का आल्या होत्या. म्हणाल्या, "हात दुखत नाय ओ मॅडम, हितंच, बोटाच्या बुडात." एका ठिकाणी त्यांना 'अंगठ्याची गादी झिजली' म्हणून ओझोनची तीन इंजेक्शनं दिली होती. मी विचारलं, कुठं टोचली? त्यांनी अंगठ्याचं मूळ दाखवलं. मग म्हटलं, आता एका बोटानं दुखरी जागा दाखवा. त्यांचं बोट गेलं मनगटाच्या कडेला, मुळापासून दोन बोटं वर. सांध्याला विशेष काही झालेलंच नव्हतं, मनगटावरून अंगठ्याकडे जाणाऱ्या शिरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, रक्तवाहिन्या नव्हेत) आवरणाला सूज होती. तीन सुया आणि तिन्ही भलत्या जागी. एक्स-रे काढला नव्हता आणि हात दाबूनही कुणी बघितला नव्हता.

म्हणून आधी हे घरी करा. अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा पुढे, तळहाताच्या मांसल भागाच्या कडेला एक हाडाची गाठ हाताला लागते. अंगठ्याचं लांब हाड आणि मनगटाचं ट्रॅपेझियम नावाचं छोटं हाड तिथं भेटतं. डॉक्टर याला सीएमसी सांधा म्हणतात. आकार घोड्याच्या खोगिरासारखा, एक खोगीर दुसऱ्यावर आडवं बसवल्यासारखा. त्यामुळेच अंगठा सगळीकडे फिरतो, आणि त्यामुळेच हा सांधा लवकर झिजतो. चिमटीत आपण एक किलोचा जोर लावला तर या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो.

त्या गाठीवर दाबल्यावर दुखत असेल, कुलपात किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना, कपडे पिळताना कळ येत असेल, अंगठा मुळाशी जरा चौकोनी, बाहेर आल्यासारखा दिसत असेल, तर झीज असण्याची शक्यता मोठी. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर मनगटाच्या कडेला सणक गेली तर शिरांच्या सुजेचा संशय घ्यायचा, त्याला डी क्वेर्वेन म्हणतात. दोन्ही एकत्रही असतात. अंगठा वाकवताना मधेच अडकून 'टक' करून सुटत असेल तर तो ट्रिगर थंब. रात्री मुंग्या येऊन हात झटकावा लागत असेल तर मनगटातली नस दाबली जात असेल. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि सांध्यात घातलेली सुई त्यांना उपयोगाची नाही.

पायरी २: एक्स-रे आणि मोजक्या तपासण्या

आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, हाडांच्या ओपीडीत सकाळी लवकर गेलात तर तपासणी आणि एक्स-रेचं काम मार्गी लागतं. खाजगी डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. एक्स-रे 'अंगठ्याच्या मुळाचा' हवा, हे आवर्जून सांगा. नुसत्या पंजाच्या एक्स-रेत हा सांधा तिरका येतो आणि नीट दिसत नाही.

झिजेच्या चार अवस्था मानतात. पहिलीत सांधा जवळपास नॉर्मल दिसतो, चौथीत शेजारचा सांधाही झिजलेला असतो. पण एक्स-रे आणि दुखणं यांचं प्रमाण सारखं असतंच असं नाही. चौथ्या अवस्थेतली बाई निवांत भाकरी थापताना मी पाहिली आहे आणि पहिल्या अवस्थेतली रडताना. तेव्हा नुसता एक्स-रे दाखवून 'लगेच इंजेक्शन घ्या' म्हणणाऱ्यांना विचारा, माझा हात तपासला का?

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ हात आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची पेरं सुजत असतील, तर आमवाताच्या रक्ततपासण्या करून घ्या. आमवाताला गोळ्या वेगळ्या असतात आणि त्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं सांध्यांचं नुकसान टळतं. साखर कधी तपासली नसेल तर तीही तपासा. पुढे कुठलंही इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर हा आकडा लागतोच.

पायरी ३: सांध्यावरचा भार उतरवा

सगळ्यात जास्त आराम मी या पायरीवर पाहिला आहे, आणि लोकांना सगळ्यात कमी रस याच पायरीत असतो. कारण यात सुई नाही, मशीन नाही.

आधी पट्टा. मेडिकलमध्ये किंवा सर्जिकलच्या दुकानात 'थंब स्पायका स्प्लिंट' मागा. मनगट मोकळं ठेवणारा छोटा पट्टाही मिळतो, काम करणाऱ्या बाईला तो सोसतो. पट्टा घातल्यावर अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला सहज लागलं पाहिजे. लागत नसेल तर माप चुकलंय, बदलून घ्या. अंगठ्याच्या झिजेसाठी पट्टा वापरावा असं सांधेतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, आणि तो निदान तीन महिने वापरायचा आहे. आठ दिवस घालून 'काही फरक नाही' म्हणून खुंटीला टांगला तर फरक पडणार नाहीच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर गेला की, पट्ट्याखाली घामोळं येतं. आत सुती कापडाची पातळ पट्टी घाला, दुपारी काढून हात धुवा, कोरडा करून परत घाला.

मग घरातली कामं. कपडे पिळताना पीळ देऊ नका. ओला कपडा नळाला गुंडाळून दोन्ही टोकं हातात धरून ओढा किंवा बादलीच्या काठावर तळहातानं दाबून पाणी काढा. पीठ मळताना अंगठा बाजूला ठेवून तळव्याच्या टाचेनं मळा. कडक भाकरी अंगठ्यानं मोडायची सवय सोडा, ताटात ठेवून तळव्यानं दाबली की तिचे तुकडे होतात. शेंगा फोडायचं काम घरातल्या पोरांना द्या. चटणीच्या बरणीचं झाकण ओल्या रबरी हातमोज्यानं पकडलं की निम्म्या जोरात उघडतं. मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करण्याऐवजी फोन टेबलावर ठेवून तर्जनी वापरा.

विडी वळणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पानं कापणं आणि विड्या वळणं एका बैठकीत करू नका. कात्रीचा भार अंगठ्यावर वेगळा पडतो आणि वळण्याचा वेगळा, दोन्ही सलग आले की सांधा सुजतो. पानं रात्री कापून ओल्या फडक्यात ठेवता येतात. कात्रीच्या अंगठ्याच्या कडीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून ती जाड आणि मऊ करा. आणि दर शंभर विड्यांनंतर सूप मांडीवरून खाली ठेवून दोन मिनिटं हात मोकळा सोडा. मला माहीत आहे, मजुरी हजारावर मिळते आणि दोन-दोन मिनिटं करत वीस मिनिटं जातात. पण त्या अक्कांनी हे महिनाभर केलं, आणि दुपारी दुखून काम थांबायचं ते थांबेनासं झालं. दिवसाचा हजार पुरा होऊ लागला.

पायरी ४: व्यायाम, शेक आणि मलम

अंगठा आणि तर्जनीच्या मधला पडदा बहुतेकींचा आखडलेला असतो. दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो हळूहळू दाबत मोकळा करा, एक-दोन मिनिटं. मग तर्जनीला रबरबँड अडकवून तर्जनी अंगठ्याच्या दिशेनं सरकवा, दुसरा हात रबरबँड उलट बाजूला धरून ठेवेल. तर्जनीच्या मुळाशी एक छोटा स्नायू फुगतो. तो मजबूत झाला की अंगठ्याचं हाड जागेवर धरून ठेवायला मदत करतो. दहा वेळा, दिवसातून दोनदा. शेवटी अंगठा आणि एकेका बोटाच्या टोकानं गोल 'ओ' करायचा. अंगठ्याचा मधला सांधा आत कोसळू द्यायचा नाही, तो गोलच राहिला पाहिजे. स्पंजचा चेंडू दाबत बसू नका. त्यानं याच सांध्यावर भार वाढतो.

सकाळी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात. डायक्लोफेनॅकचं जेल डॉक्टरांच्या सल्ल्यानं दिवसातून तीन-चार वेळा. हा सांधा कातडीच्या जवळ असल्यानं जेलचा उपयोग होतो. जेल लावलेल्या हातानं डोळे चोळू नका आणि तंबाखूत हात घालण्याआधी ते पूर्ण जिरू द्या. पोटातून घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र मनानं महिनोन्महिने घेऊ नका. बीपी, मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असेल तर त्या महागात पडतात.

हे सगळं तीन महिने नेटानं केलं आणि तरी रोजच्या कामात दुखतंय, तर पुढे चला.

पायरी ५: ओझोन म्हणजे काय, ते समजून घ्या

झेरॉक्सच्या दुकानात मशीन सतत चालू असलं की एक तिखटसर वास येतो, किंवा वीज कडाडून पाऊस आल्यावर हवेत येतो, तो ओझोन. १८४० साली शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं या वायूला नाव दिलं ते वासावरूनच. ऑक्सिजनचे दोन अणू एकत्र असतात, ओझोनमध्ये तीन. तिसरा अणू सुटायला टपलेला असतो, म्हणून हा वायू फार काळ टिकत नाही. सिलिंडरात भरून ठेवता येत नाही, जागेवर मशीनमध्ये मेडिकल ऑक्सिजनपासून तयार करून लगेच वापरावा लागतो. इंजेक्शनमध्ये जाणाऱ्या वायूत ओझोन पाच टक्क्यांच्या आतच असतो, बाकी सगळा ऑक्सिजन.

सांध्यात गेल्यावर तो तिथल्या द्रवाशी काही क्षणांत अभिक्रिया करून संपतो. त्या अभिक्रियेच्या छोट्याशा धक्क्यानं शरीराची स्वतःची दाहविरोधी यंत्रणा जागी होते आणि सूज उतरते, असं ही पद्धत वापरणाऱ्यांचं म्हणणं आहे. झिजलेली गादी यानं परत येत नाही. कुणी 'गादी भरून येईल' असं सांगत असेल तर तिथून उठा.

पुरावा किती आहे? गुडघ्यावर बरेच अभ्यास झाले आहेत. ब्राझीलमध्ये ९८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे दर आठवड्याला गुडघ्यात ओझोन दिला, आणि नुसतं दिखाव्याचं, ओझोनशिवायचं इंजेक्शन दिलेल्या गटापेक्षा या गटाचं दुखणं कमी झालं. पण असे अभ्यास लहान असतात आणि फायदा मुख्यतः काही महिन्यांपुरता मोजलेला असतो. अंगठ्याच्या सांध्यावरचं काम गुडघ्याच्या मानानं फारच तोकडं आहे. इटली, स्पेन, क्युबा इथं ओझोन सर्रास वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमात मात्र तो विषारी वायू असून उपचारात त्याचा ज्ञात उपयोग नाही असंच लिहिलेलं आहे. या दोन्ही बाजू माहीत असूनही घ्यायचा असेल, तर 'काही महिने दुखणं कमी होईल, कदाचित होणारही नाही' एवढीच अपेक्षा ठेवून घ्या.

पायरी ६: कुणी घेऊ नये

जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम जन्मतः कमी असतं अशा लोकांनी ओझोन टाळायचा, त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात. ही साधी रक्ततपासणी आहे आणि पहिल्या सुईआधी व्हायला हवी. गरोदरपण, काबूत नसलेला थायरॉइडचा आजार, रक्तातल्या प्लेटलेट कमी असणं, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, हातावर जखम किंवा गळू, यांत नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. दमा असेल तर विशेष काळजी, कारण ओझोन छातीत गेला तर फुफ्फुसाला अपायच करतो. 'ओझोनची वाफ' किंवा रक्तवाहिनीतून ओझोन असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. रक्तवाहिनीत वायू जाणं जिवावर बेतू शकतं. अंगठ्याच्या दुखण्यासाठी रक्त काढून त्यात ओझोन मिसळून परत चढवण्याची काहीच गरज नाही.

पायरी ७: कुठं आणि कुणाकडून

सुई देणारे हाडांचे किंवा वेदनातज्ज्ञ डॉक्टर असावेत, आणि त्यांनी स्वतः द्यावी. हा सांधा बोराच्या बीएवढा, त्याला लागूनच मनगटाची धमनी आणि एक संवेदनेची नस जाते. त्यामुळे सोनोग्राफी किंवा सी-आर्मवर (एक्स-रे पडद्यावर दाखवणारं मशीन) बघत सुई घालतात का, हे विचाराच. अंदाजानं दिलेली सुई या सांध्याबाहेर जाणं मुळीच दुर्मीळ नाही.

वायूचं प्रमाण किती, तेही विचारा. अशा छोट्या सांध्यात साधारण १ ते २ मिली वायू घालतात आणि ओझोनचं प्रमाण मिलीला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असतं. तुमच्या कागदावर दोन्ही आकडे लिहून द्यायला सांगा. जिथं हे विचारल्यावर चिडतात तिथं थांबू नका. एकूण किती सुया, सोनोग्राफीसकट सगळ्याचे मिळून किती पैसे, हेही आधीच लिहून घ्या. 'पॅकेज' म्हणून दहा सुयांचे पैसे आगाऊ भरू नका. बरेच जण आठवड्याला एक अशा तीन ते पाच सुया देतात, आणि तिसऱ्यापर्यंत काहीच फरक नसेल तर पुढच्यांसाठी मी तरी खर्च करू देत नाही.

पहिल्या सुईच्या आदल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दुखण्याला शून्य ते दहा आकडा लिहा. शेजारी आपलं एखादं काम लिहा: 'किल्ली', 'कात्री', 'बरणी'. दर रविवारी तेच पुन्हा. आकडा दोनने तरी उतरला तर फरक पडला म्हणायचा.

पायरी ८: सुईचा दिवस आणि नंतरचे दोन दिवस

अंगठी-बांगड्या घरी काढून ठेवा, उपाशी जाऊ नका. हात जंतुनाशकानं पुसतील, कुणीतरी अंगठा ओढून सांधा जरा उघडेल, बारीक सुई आत जाईल. वायू सिरिंजमध्ये तुमच्या समोर, त्याच मिनिटाला भरला पाहिजे. आधी भरून ठेवलेली सिरिंज नको. आत भरल्यासारखं, ताणल्यासारखं, जरा चुरचुरल्यासारखं होतं आणि काही मिनिटांत शमतं. थोडा वायू कातडीखाली राहिला तर बोटानं दाबल्यावर कुरकुर लागते, ती एक-दोन दिवसांत जाते. खोलीत तो झेरॉक्सचा वास दाटला असेल तर खिडकी उघडायला सांगा. टोचताना किंवा त्यानंतर लगेच छातीत दाटलं, धाप लागली, चक्कर आली किंवा हातापायातली शक्ती गेल्यासारखं वाटलं तर तिथंच सांगा, त्यावर तातडीचे उपचार लागतात.

दोन दिवस पट्टा, पिळणं-कापणं बंद, लागली तर पॅरासिटामॉल. थोडं दुखणं वाढणं साहजिक आहे. पण दोन दिवसांनंतर सूज वाढत चालली, कातडी लाल आणि गरम झाली, ताप भरला, तर सांध्यात जंतू गेले असतील. रविवार असो, गड्ड्याची यात्रा असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर सांधा कायमचा जातो.

ओझोननं भागलं नाही तर

स्टिरॉइडचं इंजेक्शन हा दुसरा मार्ग आहे. त्यानं काही आठवडे आराम पडतो, साखर असलेल्यांची साखर मात्र काही दिवस वाढते, आणि वारंवार घेऊ नये. शेवटी ऑपरेशन. झिजलेलं ट्रॅपेझियम हाड काढून टाकतात, कधी त्या जागी स्वतःचीच शीर गुंडाळून बसवतात. हात पूर्ण कामाला लागायला काही महिने जातात, तेव्हा घरातल्यांशी, कारखान्यातल्या मुकादमाशी आधी बोलून ठेवा.

त्या अक्कांना पुढे आणखी काहीच टोचावं लागलं नाही. शिरांच्या सुजेला सहा आठवडे लांब पट्टा आणि कात्रीला साडीची चिंधी, एवढ्यावर भागलं. मागच्या महिन्यात त्या शेजारणीला घेऊन आल्या. शेजारणीचं दुखणं मात्र खरंच मुळाच्या सांध्याचं आहे. सध्या तिचा पट्ट्याचा दुसरा महिना चालू आहे आणि कॅलेंडरवर आकडा सातावरून पाचावर आला आहे.